नोकरी सांभाळून पीएचडी: तुमचा विषय तुमच्याच पत्रात आहे

एका वाचक बाईंचा प्रश्न थोडक्यात असा: "वय ४४. मेकॅनिकल इंजिनिअर, नंतर एमबीए, ५८ टक्के. पुण्याजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट, ऑपरेशन्स. दोन प्लांट माझ्याकडे आहेत. पीएचडी करायची फार दिवसांची इच्छा आहे. विषय मनात आहे: 'उत्पादन क्षेत्रातील डिजिटल परिवर्तनात नेतृत्वाची भूमिका'. रांजणगावच्या प्लांटमध्ये मागच्या वर्षी आम्ही लाइन सुपरवायझरना टॅब दिले, तरी ते अजून वहीच लिहितात आणि शिफ्ट संपताना टॅबवर उतरवतात. म्हणजे या विषयाची गरज आहेच. पीएचडी करू की डीबीए? तीन वर्षांत होईल का? वेळ कसा काढायचा? मुलगी आठवीत आहे."

पीएचडी की डीबीए, हे आधी मार्गी लावू. पदवी पुढे कुठे वापरायची आहे यावर ते ठरतं. पन्नाशीनंतर कॉलेजात शिकवायचं असेल, विद्यार्थ्यांना गाइड करायचं असेल, तर भारतात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत बसणारी पीएचडीच करा. डीबीए ही उद्योगातल्या अनुभवी माणसासाठी आखलेली डॉक्टरेट आहे. ब्रिटन आणि युरोपातल्या चांगल्या बिझनेस स्कूलमध्ये ती कसून करून घेतात, आणि ॲम्बासारखी संस्था त्या अभ्यासक्रमांना स्वतंत्र मान्यता देते, ती आहे का हे पाहावं. पण इथल्या नेमणुकांत ती पीएचडीच्या बरोबरीची धरली जाईलच असं समजून पैसे भरू नका. आणि 'दीड वर्षात ऑनलाइन डॉक्टरेट' असे फोन आले तर सरळ ठेवून द्या. परदेशी संस्थांच्या साथीने एडटेक कंपन्या देतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असं यूजीसी आणि तंत्रशिक्षणाची परिषद एआयसीटीई या दोघांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. माझ्या ओळखीच्या दोन जणांचे त्यात पैसे गेले. पैशांपेक्षा त्यांची उमेद गेली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आयआयएमचाही रस्ता आहे. पूर्वी तिथे पीएचडी मिळत नसे, 'फेलो' ही उपाधी मिळे. २०१७ चा आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि या संस्थांना पदव्या देता यायला लागल्या. लखनौ, इंदूर, कोळिकोड इथे नोकरीतल्या लोकांसाठी डॉक्टरेटचे वेगळे कार्यक्रम आहेत. संशोधनपद्धतीचा पाया तिथे पक्का करून घेतात. फी मात्र लाखांत, आणि मधूनमधून कॅम्पसवर राहावं लागतं. मी स्वतः पुण्यात, विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रातून पार्ट-टाइम केली. माझा सल्ला असा की संस्थेच्या नावाआधी गाइड शोधा. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मिळतात. दोन काढून वाचा. नुसती मनोगतं वाचू नका, पद्धतीचं प्रकरण वाचा. गाइड विद्यार्थ्याला किती विचार करायला लावतात ते तिथे दिसतं.

तीन वर्षांचं म्हणाल तर, यूजीसीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. कोर्सवर्क (सुरुवातीचे वर्ग) धरून किमान तीन वर्षं, प्रवेशाच्या तारखेपासून कमाल सहा, पुन्हा नोंदणी करून आणखी दोन, आणि महिला उमेदवारांना त्यावर अजून दोन. म्हणजे तीन ही खालची मर्यादा आहे. मला साडेपाच लागली: २०१७ मध्ये नोंदणी, २०२२ च्या अखेरीस प्रबंध सादर, पुढच्या वर्षी व्हायवा (तोंडी परीक्षा). मध्ये लॉकडाऊनमध्ये सात महिने एकही मुलाखत झाली नाही. घरी आणि ऑफिसात आजच पाच वर्षं सांगून ठेवा. चौथ्या वर्षी 'अजून झालं नाही का?' हा प्रश्न फार टोचतो.

५५ टक्क्यांची अट तुम्ही पूर्ण करता. प्रवेशपरीक्षा किंवा नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण, आणि मग मुलाखत. यात विद्यापीठागणिक फरक असतो, त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. कंपनीच्या ना हरकत पत्राकडे मात्र आत्तापासून बघा. पार्ट-टाइम उमेदवाराच्या एनओसीत तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: पार्ट-टाइम संशोधनाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देण्यासारखं आहे, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळीक दिली जाईल. गेल्या वर्षी आमच्या केंद्रातल्या एका विद्यार्थ्याच्या एचआरने 'आमची हरकत नाही' एवढीच ओळ लेटरहेडवर दिली. ते पत्र परत गेलं, कायदा विभागाच्या टेबलावर अडकलं आणि तोवर मुदत संपली. मसुदा तुम्हीच लिहून द्या.

आता विषय. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'डिजिटल परिवर्तनात नेतृत्वाची भूमिका' हे शीर्षक बाजूला ठेवा. त्यात प्रश्नच नाही. नेतृत्वाची भूमिका असते, महत्त्वाची असते, हे तीनशे पानं लिहून शेवटी सिद्ध होईल, आणि ते तुम्हाला आजच माहीत आहे. आपण वरच्या पदावरची माणसं असे विषय घेतो, कारण आपण रोज त्याच उंचीवरून बोलत असतो. बोर्डासमोरच्या सादरीकरणात ते शोभतं. संशोधनाला पाय टेकायला जमीन लागते.

ती जमीन तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे: सुपरवायझर वहीच लिहितात आणि शिफ्ट संपताना टॅबवर उतरवतात. हे वाक्य तुम्ही पुरावा म्हणून टाकलंत आणि पुढे गेलात. मी तिथेच थांबलो. एकच माहिती माणूस दोनदा लिहितो आहे, शिफ्टभर दमल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना. का? वहीत असं काय आहे जे टॅबवर मावत नाही? उतरवताना मधल्या आठ तासांतलं काय गळतं, काय गोल केलं जातं? त्या आकड्यांवर वर बसून तुम्ही जे निर्णय घेता, ते नेमके कशावर घेता? यातला एक प्रश्न धरलात तरी पाच वर्षांचं काम आहे, आणि ते काम तुमच्याइतकं चांगलं बाहेरून आलेला पंचविशीतला संशोधक करू शकणार नाही.

या प्रश्नाला पूर्वजही आहेत. १९५१ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी ब्रिटनमधल्या कोळसा खाणींवर एक निबंध लिहिला. खाणीत नवी यंत्रं आली होती, तरी अपेक्षेइतकं उत्पादन वाढत नव्हतं आणि गैरहजेरी वाढली होती. जुन्या पद्धतीत दोन-तीन जणांची टोळी आपल्या वाट्याच्या कोळशाच्या थरावरचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायची, एकमेकांना सांभाळून घ्यायची. नव्या 'लाँगवॉल' पद्धतीत चाळीस-पन्नास माणसं तीन पाळ्यांत वाटली गेली, प्रत्येकाला कामाचा एकच तुकडा, आणि एका पाळीने अर्धवट सोडलेलं दुसरीच्या माथी. यंत्र चांगलं होतं, त्याने माणसांची घडी मोडली होती. हे कसं दिसलं? बॅमफर्थ स्वतः आधी खाणकामगार होते. अंधारात कोण कुणावर विसंबून असतं हे त्यांना अंगाने ठाऊक होतं. पुढे याच विचारसरणीतून ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांवरच्या कामगारांचे गट करून काम नव्याने बसवण्याचा प्रयोग केला. तुमचे टॅब आणि त्या वह्या याच घराण्यातल्या आहेत. साहित्याचा आढावा घ्यायला बसाल तेव्हा 'डिजिटल' शब्दापासून सुरुवात करू नका, इथून करा.

मात्र बॅमफर्थ खाणीत परतले ते साहेब म्हणून नव्हे. तुम्ही साहेब आहात. इथे माझा अनुभव सांगतो, कारण मी इथे एक वर्ष गमावलं.

माझा विषय होता लहान पुरवठादार. मी तेव्हा चाकणच्या एका प्लांटचा प्रमुख होतो. भोसरी एमआयडीसीतले आमचे व्हेंडर दर्जासाठी लागणाऱ्या गेजवर (मापं तपासायच्या साधनांवर), फिक्स्चरवर (काम करताना भाग धरून ठेवणाऱ्या साधनांवर) खर्च का करत नाहीत, हा माझा प्रश्न. पहिल्या नऊ मुलाखती मी स्वतः घेतल्या. चहा यायचा, बिस्किटं यायची, मालक शर्ट बदलून बसलेले असायचे. सगळे छान बोलले. चाकणला जाता-येता गाडीत मी ती रेकॉर्डिंग ऐकायचो. एका संध्याकाळी नाशिक फाट्यावर गाडी अडकलेली असताना मी सहज कोण किती बोललं ते मोजायला लागलो. बावन्न मिनिटांच्या मुलाखतीत एकतीस मिनिटं मी बोललो होतो. प्रश्न विचारायचा, समोरच्याने क्षणभर विचार केला की उत्तराचे दोन पर्यायही मीच द्यायचे, आणि तो माणूस 'बरोबर आहे सर' म्हणून त्यातला एक उचलायचा. नऊच्या नऊ मुलाखतींत हेच होतं. मी पंचवीस वर्षं मीटिंगा चालवत आलो होतो, आणि ही पण मीटिंगच झाली होती.

माझ्या गाइड बाई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्यांनी शांतपणे सांगितलं, "सर, ज्याचं बिल तुमच्या सहीने निघतं तो तुम्हाला खरं सांगणार नाही. त्याने सांगूही नये, त्याला पोरंबाळं आहेत." त्या नऊ मुलाखती बाजूला ठेवायला लावल्या. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, माझी पीएचडी त्या दिवशी सुरू झाली.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. आमच्या व्हेंडरांच्या मुलाखती माझ्याऐवजी केंद्रातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी घेतल्या, आणि नावं काढून क्रमांक घातल्यावरच त्या माझ्या हाती आल्या. मी स्वतः फक्त अशा कारखान्यांत गेलो जे आम्हाला माल देत नव्हते. आणि तिसरी, जी मला सर्वांत उपयोगी पडली: जे पूर्वी आमचे व्हेंडर होते आणि सोडून गेले, त्यांना भेटलो. त्यांना माझ्याकडून काही नको होतं.

त्यातल्या एकाने मुलाखतीच्या मध्येच ड्रॉवर उघडून एक लांबट वही काढली. किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी. डावीकडे बिलाची तारीख, मध्ये रक्कम, उजवीकडे पैसे आल्याची तारीख, आणि उजवा रकाना लाल शाईत. कायद्यात लघुउद्योगाला पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचे आहेत, २००६ पासून. आमच्या कंपनीच्या पानावर त्रेसष्ट, एकशे दहा, अठ्ठावन्न, एकशे चाळीस असे दिवस होते. तो म्हणाला, "साहेब, नव्वद तर नव्वद म्हणा, पण एक आकडा धरा. कधी येणार तेच माहीत नसेल तर मी गेज घेऊ का भिशीचा हप्ता भरू?" मी चार वर्षं 'व्हेंडरची गुणवत्तेबद्दल मानसिकता' असा शब्द वापरत होतो. तो त्या दिवशी माझ्या प्रबंधातून गेला. त्या वहीवर आमच्या मंजुरीच्या सह्यांचा उशीर होता, आणि त्यातल्या काही सह्या माझ्या होत्या.

तुमच्याबाबतीत हे आणखी अवघड आहे, कारण सुपरवायझर तुमचेच आहेत. त्यांचं अप्रेझल कुठेतरी तुमच्यापाशी येऊन पोचतं. तुमच्या मेल आयडीवरून 'पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत' अशी पाच पर्यायांची प्रश्नावली गेली तर सगळे सहमत होतील, आणि सॉफ्टवेअर त्याचं सुंदर कोष्टक करून देईल. ते कोष्टक बरोबर दिसेल आणि त्यात काहीच नसेल. नोकरीतले दहातले आठ विद्यार्थी मला अशीच प्रश्नावली घेऊन भेटतात. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग १९२४ ते १९३२ चालले होते. माणसाकडे कुणी बघत असलं की त्याचं वागणं बदलतं, ही शंका तिथपासून संशोधकांच्या मागे लागलेली आहे. तुम्ही लाइनवर उभ्या राहिलात तर वही खिशात जाईल आणि टॅब बाहेर येईल, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून मुलाखती दुसऱ्या कुणीतरी घ्याव्यात, शक्य तर तुमच्या हाताखाली नसलेला दुसऱ्या कंपनीचा प्लांटही सोबत घ्यावा, आणि 'यात सांगितलेलं कुणाच्याही मूल्यमापनात वापरलं जाणार नाही' असं कंपनीकडून लेखी घ्यावं. नुसतं तोंडी आश्वासन दिलंत तर त्यावर विश्वास बसणार नाही, आणि त्यांचं चुकणार नाही.

कंपनीची लेखी परवानगी आणखी एका कारणासाठी हवी. आपल्या पातळीवर पाच वर्षांत माणूस कंपनी बदलतो, निदान खातं तरी. माझ्याबरोबरच्या एकाची तिसऱ्या वर्षी नोकरी बदलली आणि सगळी आकडेवारी जुन्या कंपनीच्या लॅपटॉपवर राहिली. कोणती माहिती, किती काळाची, कोणत्या स्वरूपात वापरणार, आणि नोकरी सोडल्यावरही ती वापरता येईल का, हे पहिल्याच वर्षी कागदावर घ्या. प्रबंध मंजूर झाला की तो शोधगंगेवर जातो, कुणालाही वाचता येतो, स्पर्धक कंपनीलाही. तुमची कंपनी शेअर बाजारात असेल तर जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती त्यात येता कामा नये. कंपनी सेक्रेटरींना सुरुवातीलाच विश्वासात घ्या. कंपनीचं नाव न घालता 'प्लांट अ, प्लांट ब' असं लिहिण्याची पद्धत आहे, ती वापरा.

वेळेबद्दल तुम्ही सगळ्यात काळजीने विचारलंय, पण त्याचं उत्तर लहान आहे. रविवारचे सात तास आणि बाकीचे दिवस कोरडे, असं केलंत तर दर रविवारचे पहिले दोन तास मागच्या वेळी काय लिहिलं होतं ते आठवण्यात जातात. रोज सव्वा तास, पहाटे, फोन दुसऱ्या खोलीत. एवढ्यावर माझा प्रबंध झाला. महिनाअखेरीला आणि ऑडिटच्या आठवड्यात ते जमत नाही, तेव्हा त्या दिवसांचा हिशेब आधीच सोडून द्या. वाचलेला प्रत्येक निबंध त्याच दिवशी झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि त्याखाली चार ओळी मराठीत लिहा: यांनी काय विचारलं, कसं शोधलं, काय मिळालं, मला काय पटलं नाही. मी विचार मराठीत करायचो आणि प्रबंध इंग्रजीत लिहायचो. मराठीत चार ओळी लिहिता आल्या नाहीत तर मला तो निबंध समजलेला नसायचा.

कोर्सवर्कसाठी रजा घ्या आणि वर्गात खरंच बसा. संख्याशास्त्र शिकवणारे शिक्षक वयाने लहान असतील, त्यांना सर किंवा मॅडम म्हणा आणि पहिल्या बाकावर बसा. समोर चुकीचं उत्तर देण्याची सवय आपली सुटलेली असते, ती पुन्हा लागली पाहिजे.

मुलगी आठवीत आहे म्हणजे तिची दहावी तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात येणार. त्या वर्षी मुलाखती आणि प्रवास ठेवू नका, वाचन आणि लिखाण ठेवा. दोघी एकाच टेबलावर अभ्यासाला बसा. माझ्या मुलाने बारावीत हे माझ्याबरोबर केलं. माझ्या संदर्भसूचीतल्या चुका तोच काढायचा.

आणि कुणी 'डेटा ॲनालिसिस आणि चॅप्टर रायटिंग करून देतो' म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यापुढे चाळीसपर्यंत सुधारून पुन्हा द्यावं लागतं, साठपर्यंत एक वर्ष सादर करता येत नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द होते. पण टक्के शून्य आले तरी व्हायवात बाहेरून आलेले परीक्षक हमखास विचारतात, 'ही पद्धत का निवडलीत?' त्याचं उत्तर विकत मिळत नाही.

अर्ज भरायला अजून वेळ आहे. तोवर एक करा. रांजणगावला दुसऱ्या पाळीच्या एका सुपरवायझरची भरलेली जुनी वही मागून घ्या, चालू नको, भरून संपलेली. त्यांच्या खुशीने द्यायची असेल तरच, आणि त्यांचं नाव झाकून. एक आठवडा निवडा, त्याच आठवड्यातली टॅबवरची नोंद छापून शेजारी ठेवा. मग पेन्सिल घेऊन ओळीला ओळ लावत जा. वहीत 'बेअरिंग गरम, मोरेला सांगितलं, पाण्याने निभावलं, ४.१० ते ४.३५' असं काही असेल, आणि टॅबवर त्या वेळेसमोर 'इतर' असेल. असे किती 'इतर' निघतात ते मोजा, आणि प्रत्येकाच्या शेजारी वहीतले मूळ शब्द जसेच्या तसे उतरवा. ते पान घेऊन गाइडकडे जा.